दगडांची केस हिस्टरी

बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक तरुण आई चार महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. बाळ हसरं, गुटगुटीत; दूध नीट पीत होतं, वजनही वाढत होतं. तिची तक्रार बाळाबद्दल नव्हतीच, दुपट्यांबद्दल होती. रात्री ओली झालेली दुपटी सकाळपर्यंत काळपट होत आणि साबणाने धुतली की डाग जाण्याऐवजी आणखी गडद होत. घरात कुणी नजर लागली म्हणत होतं, कुणी साबण बदलायला सांगत होतं. मी लघवीतून रक्त जातंय का, याच्या मागे लागले. दोनदा तपासणी झाली, रक्त नव्हतं. मग आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी लघवीचा नमुना उघड्या बाटलीत खिडकीत ठेवायला सांगितला. दुपारी ओपीडी संपवून मी पाहिलं, तर वरचा थर काळा पडला होता आणि काळेपणा हळूहळू खाली उतरत होता. त्यानंतर सरांनी त्या आईला एकच प्रश्न विचारला, जो मी विचारायला विसरले होते. लग्नाआधी नवऱ्याशी तिचं काय नातं होतं? नवरा तिचा सख्खा आतेभाऊ होता.

या आजाराचं नाव आल्काप्टोन्युरिया. अन्नातल्या प्रथिनांपासून शरीरात टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल मिळतं. त्याचं विघटन पायरीपायरीने होतं. त्यातल्या एका पायरीवरचं विकर जन्मतःच काम करत नसेल, तर होमोजेंटिसिक आम्ल साठत जातं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. हवा लागली की ते काळं होतं. लहानपणी त्रास जवळजवळ काहीच नसतो. चाळिशीच्या आसपास मात्र पाठ, गुडघे, खुबे दुखू लागतात, कारण हेच द्रव्य कूर्चेत साचून तिला काळी आणि ठिसूळ करतं.

हे कोडं उलगडलं ते सर आर्चिबाल्ड गॅरड या लंडनच्या डॉक्टरांनी. पूर्वी हा आतड्यातल्या जंतूंचा प्रताप समजला जाई. गॅरड यांनी रुग्णांच्या घरच्यांची चौकशी केली. त्यांना दिसलं, की एकाच घरात दोन-तीन भावंडांना हा त्रास असतो, आईवडिलांना नसतो आणि पुष्कळदा आईवडील एकमेकांचे जवळचे भाऊबहीण असतात. १९०२ साली त्यांनी आपला लेख प्रसिद्ध केला. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम माणसाच्या आजाराला लावून दाखवण्याची ती सुरुवात होती.

गॅरड हे नाव मी त्या संध्याकाळी पाठ्यपुस्तकात वाचलं आणि तिथेच सोडून दिलं. काही वर्षांनी अश्मयुगावरचं एक पुस्तक चाळताना तेच आडनाव पुन्हा दिसलं. डोरोथी गॅरड. लेणीगुहांमध्ये वर्षानुवर्षं बसून दगडी हत्यारं थराथराने मोजणारी बाई. मला वाटलं, आडनावाचा योगायोग असेल. पण ती त्या डॉक्टरांचीच मुलगी निघाली. आजच्या सदरात तिची गोष्ट सांगायची आहे.

डोरोथीचा जन्म ५ मे १८९२ रोजी लंडनमध्ये झाला. घराणं वैद्यकातलं. आजोबा सर आल्फ्रेड बेअरिंग गॅरड यांनी गाउटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक आम्ल वाढलेलं असतं हे दाखवलं. ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस हे नावही त्यांनीच रूढ केलं. आईचे वडील नामांकित सर्जन. वडील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात आणि लहान मुलांच्या रुग्णालयात काम करत. डोरोथीला तीन भाऊ. धाकट्याच्या नावात तर राहिअर हे त्या रुग्णालयाच्या संस्थापकाचं नाव गुंफलेलं होतं. या तिघांपैकी कुणीतरी वडिलांचा वारसा चालवणार, हे घरात गृहीतच असावं.

डोरोथी केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात इतिहास शिकत होती, तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू झालं. १९१५ मध्ये थॉमस जखमी होऊन वारला. जानेवारी १९१६ मध्ये आल्फ्रेड नोएल फ्रान्समध्ये मारला गेला; तो डॉक्टर होऊन लष्कराच्या वैद्यकीय दलात गेला होता. तिसरा बेसिल युद्धातून वाचला. पण युद्ध संपल्यावर, घरी परतण्याच्या तोंडावर, १९१९ च्या सुरुवातीला जर्मनीत कोलोन इथे तो इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला. चार वर्षांत तीन मुलगे गेले. घरात उरली एकटी डोरोथी, तीही युद्धकाळात फ्रान्स आणि जर्मनीत मदतकार्य करत होती.

वडील तेव्हा माल्टा बेटावर होते. भूमध्य समुद्रातल्या सैन्याच्या रुग्णालयांची वैद्यकीय जबाबदारी त्यांच्यावर होती. युद्धानंतर डोरोथी त्यांच्याकडे गेली. माल्टात प्रागैतिहासिक काळातली प्रचंड दगडी मंदिरं आहेत. काय करावं हे सुचत नसलेल्या मुलीने त्या दगडांत मन रमवावं, असं वडिलांना वाटलं असणार. ती रमली. १९२० मध्ये वडील ऑक्सफर्डला वैद्यकाचे प्राध्यापक झाले. डोरोथीने तिथेच मानवशास्त्राच्या पदविकेसाठी नाव घातलं आणि १९२१ मध्ये ती विशेष गुणवत्तेने उत्तीर्ण झाली. त्या वेळी तिचं वय एकोणतीस होतं.

पुढची दोन वर्षं ती पॅरिसमध्ये आंरी ब्रय यांच्या हाताखाली शिकली. ब्रय हे धर्मगुरू, पण युरोपातली गुहाचित्रं आणि दगडी हत्यारं यांतला त्या काळचा सर्वांत मोठा जाणकार माणूस. त्यांच्याकडे डोरोथी शिकली ती दगड वाचण्याची विद्या.

दगड वाचायचा म्हणजे काय, हे थोडं समजून घेऊ. चकमकीचा दगड फुटतो तो काचेसारखा. योग्य जागी, योग्य कोनात दुसऱ्या दगडाने घाव घातला की त्याचा पातळ, धारदार छिलका निघतो. घावाच्या जागेखाली छिलक्यावर एक लहानसा फुगवटा येतो आणि त्याभोवती पाण्यात खडा टाकल्यावर उठाव्यात तशा लाटा दिसतात. डोंगरावरून गडगडत आलेला दगडही फुटतो, पण त्याच्यावर एकाच दिशेने, एकामागून एक, ठरवून घातलेल्या घावांच्या खुणा नसतात. जाणकार माणूस खुणा पाहून सांगतो, की घाव कुठल्या क्रमाने पडले, कारागिराने दगड कधी फिरवला, कुठे चुकला. दगडाचे छिलके काढत काढत मधला भाग बदामाच्या आकाराचा केला तर ती हातकुऱ्हाड. छिलक्याच्याच कडा पुन्हा बारीक ठोकून धार आणली तर चामडं खरवडायची तासणी. आणि तिसरी पद्धत याहून पुढची. आधी दगडाचा गाभा कासवाच्या पाठीसारखा घडवून घ्यायचा आणि मग एकाच घावात हव्या त्याच आकाराचा छिलका काढायचा. त्यासाठी शेवटचं हत्यार कारागिराला आधीच डोळ्यांपुढे दिसावं लागतं.

आम्ही डॉक्टर एक्स-रेवरची जुनी, जुळलेली भेग पाहून मूल केव्हा पडलं असेल याचा अंदाज करतो. तसंच हे काम. पेशंट बोलत नाही, खुणा बोलतात.

ब्रय यांच्याच सुचवण्यावरून डोरोथीने १९२५ मध्ये जिब्राल्टरला डेव्हिल्स टॉवर नावाच्या ठिकाणी उत्खनन सुरू केलं. १९२६ मध्ये तिथे एका लहान मुलाच्या कवटीचे तुकडे मिळाले. ते मूल निअँडरथल होतं आणि त्याच थरात त्या काळाची दगडी हत्यारं होती. कवटी सापडण्याइतकंच हे दुसरं महत्त्वाचं होतं, कारण एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या कित्येक कवट्या नेमक्या कुठल्या थरातून आल्या याची नोंदच नव्हती. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, त्या हाडांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ते मूल मुलगा होतं हेही कळलं. १९२६ च्या नोंदी नीट नसत्या, तर त्या डीएनएला अर्धाच अर्थ उरला असता.

१९२८ मध्ये ती कुर्दिस्तानात गेली आणि झर्झी व हझार मर्द या गुहा तिने तपासल्या. त्याच वर्षी पॅलेस्टाइनमध्ये शुक्बा नावाच्या गुहेत तिला एका अनोळखी संस्कृतीची हत्यारं मिळाली. जवळच्या वादी अन-नातूफ या ओढ्यावरून तिने त्या संस्कृतीला नातूफियन असं नाव दिलं. आज जगभर तेच नाव चालतं.

आणि मग आला माउंट कार्मेल.

हैफाच्या दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवर, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या चुनखडीच्या कड्यात काही गुहा आहेत. हैफाचं नवं बंदर बांधायचं ठरलं, तेव्हा दगडासाठी हाच कडा फोडण्याचा बेत होता. त्याआधी १९२८ मध्ये पुरातत्त्व खात्याने एका गुहेत छोटा चाचणी खड्डा घेतला. त्यात हाडावर कोरलेली एक प्राण्याची आकृती मिळाली. तेवढ्या एका पुराव्यावर सुरुंग थांबले. उत्खननाचं काम डोरोथीकडे आलं. १९२९ ते १९३४ या काळात सात हंगामांत मिळून बावीस महिने ती तिथे राहिली.

गुहांची नावं गावकऱ्यांनीच ठेवलेली. अल-वाद म्हणजे ओढ्याची. अस-स्खूल म्हणजे करडांची. आणि अत-तबून म्हणजे भाकरी भाजायच्या भट्टीची, कारण वरून पाहिलं तर ती धुराड्यासारखी दिसते.

डोरोथीच्या तुकडीत बहुतेक बायका होत्या. इंग्लंडहून आलेल्या विद्यार्थिनी होत्याच. पण खणण्याचं आणि मातीतून वस्तू वेचण्याचं मुख्य काम जाबा आणि इजझिम या जवळच्या गावांतल्या अरब बायका करत. पुरुषांना जड दगड हलवण्यापुरतं घेतलेलं असे. हाती आलेली मजुरी बाई घरासाठी वापरते, असा तिचा हिशेब होता. रोजगार हमीच्या कामांवर ज्यांनी बायकांच्या जोड्या पाहिल्या आहेत, त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

त्या बायकांमध्ये युसरा नावाची एक होती. मातीने माखलेल्या हजार खड्यांतून हत्यार कुठलं आणि साधा दगड कुठला, हे ती नुसत्या नजरेने ओळखे. वेचणाऱ्या बायकांची ती मुकादम झाली. १९३२ मध्ये तबून गुहेत तिला मातीत एक दात दिसला. दाताच्या मागे चिरडलेली कवटी होती, कवटीच्या मागे सांगाडा. तो एका निअँडरथल स्त्रीचा होता. तबूनची बाई म्हणून ती आज प्रत्येक मानवशास्त्राच्या पुस्तकात आहे. युसराला केंब्रिजला जाऊन शिकायची इच्छा होती, अशी आठवण तिथल्या एका विद्यार्थिनीने पुढे सांगितली. ते घडलं नाही. १९४८ च्या युद्धात जाबा आणि इजझिम ही दोन्ही गावं उठली, माणसं परागंदा झाली आणि युसराची नोंद इतिहासात तिथेच थांबते.

या गुहांनी काय सांगितलं? तबूनमधली माती सुमारे पंचवीस मीटर खोल होती, म्हणजे आठ मजली इमारतीएवढी. डोरोथीने थरांना वरून खाली इंग्रजी अक्षरं दिली, ए पासून जी पर्यंत. प्रत्येक थरातलं प्रत्येक हत्यार वेगळं ठेवलं, धुतलं, मोजलं, त्याचं वर्गीकरण केलं. सगळ्यांत खाली साधे, ओबडधोबड छिलके. त्यावर हातकुऱ्हाडी. त्यावरच्या जाड थरात हातकुऱ्हाडी आणि तासण्या एकत्र. आणखी वर, कासवपाठी गाभ्यांवरून काढलेले छिलके. तबूनचा इतिहास जिथे संपत येतो तिथून अल-वादच्या थरांनी पुढची गोष्ट उचलली आणि ती शेतीच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडली. आज या गुहांचा एकूण काळ सुमारे पाच लाख वर्षं मानला जातो. एवढा मोठा कालखंड एकाच डोंगरात, एकावर एक रचलेला, पश्चिम आशियात तोवर कुणी वाचला नव्हता. पुढची कित्येक वर्षं त्या भागात कुठेही गुहा खणली, तरी तिथले थर कार्मेलच्या थरांशीच ताडून पाहिले जात.

तिच्या मदतीला डोरोथिया बेट ही प्राण्यांच्या हाडांची अभ्यासक होती. कुठल्या थरात हरणांची हाडं जास्त आणि कुठल्या थरात गझेलांची, याचा तिने आलेख काढला. हरणाला झाडी आणि पाणी लागतं, गझेल उघड्या, कोरड्या माळावर राहतं. म्हणजे हाडांवरून हवामान. आज त्या आलेखाचा अर्थ लावताना माणसांच्या शिकारीच्या सवयीही हिशेबात घेतात. पण हत्यारं, हाडं आणि हवामान एकत्र वाचायचं, ही रीत तिथे पक्की झाली. १९३७ मध्ये दोघींच्या नावाने उत्खननाचा मोठा ग्रंथ निघाला.

आता खरी गाठ येते. तबूनपासून हाकेच्या अंतरावर, स्खूल गुहेत, थिओडोर मॅककाऊन हा तरुण अमेरिकन संशोधक याच मोहिमेचा भाग म्हणून खणत होता. १९३१ आणि १९३२ मध्ये त्याला दहा माणसांचे अवशेष मिळाले, मुलांचेही. त्यांतले काही मुद्दाम पुरलेले होते. एकाच्या हातांत रानडुकराचा जबडा होता. ही माणसं निअँडरथलांसारखी नव्हती. कपाळ उंच, हनुवटी स्पष्ट. बरीचशी आपल्यासारखी. पण त्यांच्याजवळची दगडी हत्यारं मात्र तबूनच्या निअँडरथल बाईच्या थरातल्या हत्यारांच्याच जातीची होती.

त्या काळी सर्वसाधारण समजूत अशी, की निअँडरथल आधी, आपण नंतर. ते मागास, आपण पुढारलेले. त्यांची हत्यारं वेगळी, आपली वेगळी. हत्याराचा प्रकार सापडला की माणूस कोणता ते ठरलं. डोरोथीच्या काळात वय मोजायचं साधनच नव्हतं. थर वर की खाली, एवढंच सांगता येई. १९८० च्या दशकात भाजलेल्या चकमकीचं आणि दातांचं वय मोजायच्या नव्या पद्धती आल्या. स्खूलची आपल्यासारखी माणसं सुमारे एक लाख वर्षांपूर्वीची निघाली. त्याच कार्मेल डोंगरातल्या केबारा गुहेत पुरलेला निअँडरथल पुरुष मात्र सुमारे साठ हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे शिडीची सरळ पायरी नव्हतीच. दोन प्रकारची माणसं याच डोंगरात आलटून पालटून, कदाचित शेजारी शेजारीही, राहिली आणि दगड एकाच पद्धतीने फोडत राहिली. हत्यारावरून कसब कळतं. कवटीचा आकार कळत नाही.

मला हा धडा ओपीडीत रोज उपयोगी पडतो. खोकला म्हणजे अमुकच, पाठदुखी म्हणजे तमुकच, असं धरून चाललं की चुकतं. खूण खरी असते, आपण लावलेलं नाव चुकीचं असू शकतं. काळ्या दुपट्यांना मी रक्त समजले होते, ते असंच.

तबूनची आणखी एक गोष्ट. थराथरातल्या चकमकीपैकी किती तुकडे आगीत भाजलेले आहेत, हे संशोधकांनी २०१४ मध्ये मोजलं. खालच्या थरांत ते अगदी थोडे. सुमारे साडेतीन लाख वर्षांपूर्वीपासून वरच्या थरांत नियमित. म्हणजे तेव्हापासून इथल्या माणसाने आग रोजची केली. शिजवलेलं अन्न पचायला सोपं, जंतू कमी, रात्री उजेड, जनावरांपासून संरक्षण. आरोग्याच्या इतिहासात याच्या तोडीची घटना मला आठवत नाही. आणि त्या गुहेचं नाव गावकऱ्यांनी आधीच भट्टी ठेवलेलं होतं.

अल-वादच्या वरच्या थरांत नातूफियन लोक भेटले. त्यांचा काळ सुमारे पंधरा हजार ते साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचा. शेती अजून आलेली नव्हती, पण ही माणसं बराच काळ एके जागी राहू लागली होती. हाडाच्या मुठीत चकमकीची बारीक पाती ओळीने बसवून त्यांनी विळे केले होते. त्या पात्यांच्या धारेवर एक वेगळीच चमक असते. ती गवतवर्गीय ताटं पुन्हा पुन्हा कापल्याने येते. रानटी धान्य कापणारे हात तिथे होते. दगडी उखळं होती. मृतांच्या डोक्याला शिंपल्यांच्या माळा होत्या. चाचणी खड्ड्यात मिळालेली ती कोरीव आकृती याच लोकांची. एके जागी राहणं आणि पिठूळ धान्य खाणं यांतून पुढे गावं झाली, भांडार झालं. आणि दात किडणं, दाट वस्तीतले साथीचे रोग हेही त्याच वाटेने आले. आज आम्ही ज्या आजारांशी झगडतो, त्यांतल्या कित्येकांची वाट तिथून सुरू होते.

१९३६ मध्ये वडील वारले. शेवटच्या काळात ते केंब्रिजला डोरोथीजवळ राहत होते. त्यांच्या संशोधनाची खरी किंमत जगाला अजून कळायची होती. एक जनुक एक विकर घडवतं, हे सिद्ध करणाऱ्या बीडल आणि टेटम यांना १९५८ मध्ये नोबेल मिळालं. ही कल्पना गॅरड यांना पन्नास वर्षांपूर्वी सुचली होती, हे बीडल यांनी मोकळेपणाने मान्य केलं.

मे १९३९ मध्ये केंब्रिजने पुरातत्त्वाच्या डिस्नी प्राध्यापकपदासाठी डोरोथी गॅरडची निवड केली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांच्या इतिहासात प्राध्यापक होणारी ती पहिली स्त्री. गंमत अशी, की केंब्रिज तेव्हा बायकांना शिकू देई, परीक्षा देऊ देई, पण पूर्ण पदवी आणि विद्यापीठाच्या कारभारात मत देत नसे. म्हणजे ही बाई प्राध्यापक झाली, पण विद्यापीठाची पूर्ण सदस्य नव्हती. तो हक्क केंब्रिजच्या बायकांना १९४८ मध्ये मिळाला.

लगेच दुसरं महायुद्ध आलं. १९४२ पासून ती हवाई दलाच्या महिला विभागात होती. काम होतं विमानातून काढलेली छायाचित्रं वाचण्याचं. जमिनीवरच्या बारीक खुणांवरून काय हललं, काय नवं उभं राहिलं ते ओळखायचं. दगड वाचणारी नजर तिथेही कामी आली. युद्धानंतर तिने केंब्रिजमध्ये पुरातत्त्वाचा पदवी अभ्यासक्रम बांधून काढला. पण स्वभाव अबोल, बुजरा. समित्या आणि बैठका तिला मानवल्या नाहीत. १९५२ मध्ये, साठाव्या वर्षी, तिने ते पद सोडलं आणि पुन्हा गुहांकडे गेली.

फ्रान्समध्ये सुझान द सॅं-मातुरॅं या मैत्रिणीबरोबर तिने आंग्ल-सुर-लांग्लॅं इथल्या कड्यावर काम केलं. तिथे हिमयुगातल्या माणसांनी खडकात घोडे, गवे आणि स्त्रिया कोरलेल्या आहेत. त्यानंतर, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ती लेबनॉनच्या किनाऱ्यावर गेली. कार्मेलचं एक जुनं कोडं तिला सोडवत नव्हतं. लांब, अरुंद पाती काढण्याची कला आपल्यासारख्या माणसांनी फार उशिरा शोधली, असं मानत. पण तबूनच्या खूप खोल थरात अशी पाती मिळाली होती. ती पुरती जुनीच आहेत का, की वरून घसरून आली? लेबनॉनच्या गुहांत समुद्राच्या जुन्या किनाऱ्यांच्या खुणा होत्या, त्यांच्याशी थर ताडून पाहता आले असते. १९५८ ते १९६३ या काळात तिने तिथे खणलं. पाती खरोखरच जुनी होती. कसबाची ही शिडीही सरळ नव्हती.

१९६८ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजने तिला सुवर्णपदक दिलं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षी १८ डिसेंबरला केंब्रिजमध्ये तिचं निधन झालं. तिने लग्न केलं नव्हतं. तिची पत्रं, वह्या आणि छायाचित्रं नष्ट झाली असंच पुष्कळ वर्षं मानलं जाई. १९९० च्या दशकात ती पॅरिसजवळच्या एका संग्रहालयात, मैत्रिणीच्या मागे राहिलेल्या सामानात सापडली. थरांत दडलेलं शोधून काढणाऱ्या बाईचं स्वतःचं आयुष्यही असं खणूनच काढावं लागलं. २०१२ मध्ये कार्मेलच्या गुहा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आल्या.

मला कधी कधी वाटतं, बापलेकीचं काम एकच होतं. बाप कुटुंबाच्या पिढ्या वाचत होता, लेक मातीचे थर. दोघांनीही जे दिसलं ते आधी लिहून ठेवलं आणि त्याला नाव द्यायची घाई केली नाही. तीन तरुण मुलगे गमावलेल्या त्या घरात, काहीही हरवू द्यायचं नाही, हा ध्यास एकट्या उरलेल्या मुलीत कुठून आला असेल, हे मी डॉक्टर म्हणून नाही, आई म्हणून समजू शकते.

आता आपल्या घरातल्या गोष्टी. बाळाची लघवी हवेत ठेवल्यावर किंवा दुपट्यावर काळी पडत असेल, तर ती नजर नव्हे आणि साबणाचा दोषही नव्हे. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आल्काप्टोन्युरियाचं निदान लघवीच्या साध्या रासायनिक तपासणीने पक्कं करता येतं आणि आता मोठ्या रुग्णांसाठी नायटिसिनोन हे औषधही आहे. २०२० मध्ये युरोपात त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्नं होतात. अशा घरात मूल होण्याआधी किंवा एका मुलाला असा आजार निघाल्यावर आनुवंशिक सल्ला जरूर घ्यावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि कुणाचा दोषही नाही. आणि डॉक्टर घरातल्या नात्यांची चौकशी करू लागले की त्रासून जाऊ नका. आम्हीही खालचे थर पाहत असतो.

ते बाळ आता मोठं झालंय. मध्यंतरी एका वर्षी आईबरोबर तपासणीला आलं होतं. उंचापुरा मुलगा, कॉलेजात जाणारा. वडिलांच्या शेजारी उभा राहिला, तेव्हा कानाची पाळी मी मुद्दाम वळवून उजेडात पाहिली. निळसर छटा अजून आलेली नव्हती. तेवढं लिहून ठेवलं, तारखेसह.